जांबोटीच्या रानात कोणता ॲक्शन कॅमेरा? हिरो १३, ॲक्शन ५ प्रो आणि एक्स४

पावसाळा तोंडावर आला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडची पोरं विचारायला लागतात, ॲक्शन कॅमेरा, म्हणजे अंगावर किंवा गाडीवर लावायचा छोटा दणकट कॅमेरा, गोप्रो कंपनीचा घेऊ की डीजेआयचा? मी आधी विचारतो, शूट करणार कुठं? जांबोटी-कणकुंबीचं रान, दांडेलीची काळी नदी, चोर्ला घाट आणि एप्रिलमधला गोकाकचा रस्ता यांना एकच कॅमेरा सारखाच पुरा पडत नाही.

रानाचं आधी बोलू, कारण आपले बहुतेक ट्रेक तिथंच होतात. जुलैत कणकुंबीला भर दुपारी दिवेलागण झाल्यासारखा अंधार असतो. वर ढग, खाली दाट झाडी, मधे धुकं. अशा उजेडात कॅमेरा शटर जास्त वेळ उघडं ठेवतो. आपण चालत असतो, त्यामुळे प्रत्येक फ्रेममध्ये ती हालचाल फराटा होऊन उतरते. स्टॅबिलायझेशन, म्हणजे हादरे कमी करणारी सोय, फ्रेम जागेवर धरतं, पण आत उतरलेला फराटा पुसू शकत नाही. चौकट स्थिर आणि पानं मात्र थरथरतायत, असा व्हिडिओ हाती येतो. जाहिरातीतली मखमली चित्रं लख्ख उन्हात घेतलेली असतात, म्हणून दुकानात हा फरक कळतच नाही.

इथं सेन्सरचा, म्हणजे उजेड टिपणाऱ्या चिपचा, आकार कामी येतो. गोप्रो हिरो १३ ब्लॅकचा सेन्सर १/१.९ इंचाचा, तर डीजेआय ऑस्मो ॲक्शन ५ प्रोचा १/१.३ इंचाचा आहे. ॲक्शन ५ प्रोच्या सेन्सरचं क्षेत्रफळ जवळपास दुप्पट भरतं. चित्राच्या बारकाव्यात (रिझोल्यूशन) हिरो ५.३के पर्यंत जातो, ॲक्शन ५ प्रो ४के वर थांबतो, आणि बरेच जण या आकड्यावरच निर्णय घेतात. पण मोबाईलवर बघणाऱ्याला ५.३के आणि ४के मधला फरक दिसत नाही, ओल्या रानातलं काळपट, चिखलासारखं झालेलं चित्र मात्र लगेच दिसतं. त्यामुळे रानासाठी मी डोळे झाकून ॲक्शन ५ प्रो सांगतो. कॅमेरा कुठलाही असो, झाडीत शिरताना आयएसओची (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील, ते ठरवणारी सेटिंग) वरची मर्यादा वाढवा आणि शटर फार संथ होऊ देऊ नका. चित्रात थोडे दाणे आले तरी चालतात, फराटे आले की क्लिप वाया जाते.

मग हिरो कुणी घ्यावा? येळ्ळूरच्या राजहंसगडावर सायकल चढवणाऱ्यांनी, पहाटे पळणाऱ्यांनी आणि रील करणाऱ्यांनी. हिरो १३ मध्ये जीपीएस आतच आहे, त्यामुळे वेग, चढ आणि वाट व्हिडिओवर दाखवता येते. ॲक्शन ५ प्रोला त्यासाठी वेगळा रिमोट लागतो. हिरोचा सेन्सर ८:७ म्हणजे जवळपास चौकोनी आहे. एकाच क्लिपमधून आडवा आणि उभा असे दोन्ही व्हिडिओ काढता येतात. उघड्यावर, चांगल्या उजेडात त्याचे रंगही मला जास्त आवडतात.

पाण्याची चिंता लोक नको तितकी करतात. हिरो वेगळ्या कव्हरशिवाय १० मीटर, ॲक्शन ५ प्रो २० मीटर खोलीपर्यंत चालतो. शेजारच्या उत्तर कन्नडमध्ये राफ्टिंग करायला दोन्ही भरपूर झाले. खरी भीती वेगळी आहे. कॅमेरा तरंगत नाही, हातातून सुटला की तळाला जातो. तरंगणारी मूठ आणि मनगटाची दोरी कॅमेऱ्यासोबतच विकत घ्या. आणि बॅटरीचं झाकण लावण्याआधी रबराची कड पुसा. आपल्याकडची तांबडी माती बारीक असते, तिचा एक कण अडकला तरी पाणी आत जातं. एकदा उघडून दुरुस्त केलेला कॅमेरा पुन्हा तितकाच वॉटरप्रूफ राहील याची हमी सहसा कुणी देत नाही.

चोर्ला घाटात बुलेट काढणाऱ्यांचा ओढा इन्स्टा३६० एक्स४ या चहूबाजूंचं एकदम शूट करणाऱ्या (३६० अंशांच्या) कॅमेऱ्याकडे असतो, आणि तो समजण्यासारखा आहे. कॅमेरा लावलेली काठी चित्रातून आपोआप नाहीशी होते, गाडीमागून कुणी उडत शूट केल्यासारखं दृश्य मिळतं, आणि कॅमेरा कुठं रोखायचा ते घरी बसून ठरवता येतं. पण दोन्ही बाजूंची भिंगं बाहेर आलेली असतात, कॅमेरा पडला तर आधी तीच खरचटतात. पावसात दोन्हींवर थेंब बसतात आणि ते पुसायला घाटात थांबणं धोक्याचं. शिवाय सेन्सर १/२ इंचाचे, म्हणजे रानातल्या अंधारात तो सगळ्यात मागे. २०२५ च्या एक्स५ मध्ये सेन्सर मोठे झाले आणि भिंग स्वतः बदलता येतं, त्यामुळे ३६० अंशांचंच मनात असेल तर तोच घ्या. एडिटिंगला रोज वेळ देणार नसाल तर मात्र ३६० च्या वाटेला जाऊ नका.

उन्हाळ्यात गोकाककडे तिन्ही तापतात. आत पंखा नाही, चालत्या गाडीवरचा वाराच त्यांना थंड ठेवतो. सिग्नलला किंवा चहाला थांबलात की रेकॉर्डिंग बंद करा. बॅटरीच्या दाव्यांवर जाऊ नका. ॲक्शन ५ प्रोचे चार तास हे १०८०पी (४के पेक्षा कमी बारकावा), सेकंदाला २४ फ्रेम आणि बंद स्क्रीनवरचे आहेत. ४के ला जादा बॅटरी खिशात हवीच.

भीमगड अभयारण्यात शिरायचं असेल तर आधी वन खात्याची परवानगी, कॅमेरा नंतर.

बजेट कमी असेल तर डीजेआयचाच जुना ॲक्शन ४ शोधा. सेन्सर तोच १/१.३ इंचाचा, १८ मीटर वॉटरप्रूफ, रानात आजही नव्या हिरोला भारी पडतो. जुना हिरो १२ स्वस्तात मिळाला तर एवढं ध्यानात असू द्या, त्यात जीपीएस नाही आणि त्याच्या बॅटऱ्या पुढे हिरो १३ ला बसत नाहीत.