फिटनेस बँड, आठ महिन्यांनंतर: १४३ दिवसांची साखळी आणि एक खचलेली पिन

पडदा कसा, बॅटरी किती दिवस जाते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यात शिरत नाही. मला बोलायचंय ते अ‍ॅपमधल्या सलग दिवसांच्या साखळीबद्दल.

रोज १०,००० पावलं झाली की एक कडी जोडली जाते. एक दिवस चुकला की आकडा थेट शून्यावर. याआधी दोनदा जिम लावून सोडली होती, पण या साखळीने मला खरंच घराबाहेर काढलं. रात्री साडेअकराला ९,२०० दिसले की उरलेली ८०० पावलं मी हॉलमध्ये येरझाऱ्या घालून पूर्ण करायचे. अंगात कणकण असतानाही. असे १४३ दिवस!

दुसऱ्या दिवशी बँड चार्जच होईना. मागे चार्जिंगच्या दोन पिना आहेत. त्यातल्या एकीवर घामाचा हिरवट थर चढला होता आणि ती आत खचली होती. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, घाम म्हणजे द्रव, द्रवाने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही, नवीन घ्या. व्यायामासाठी विकलेल्या वस्तूला घाम चालत नाही? माझं डोकंच फिरलं. पैसे टाकून घेतलेली वस्तू पाच महिन्यांत फेकून द्यायची माझी अजिबात तयारी नव्हती. चार फेऱ्या मारल्या, दोन लेखी तक्रारी केल्या, तेव्हा कुठे अठराव्या दिवशी बदलून मिळाला. साखळी अर्थातच शून्यावर. तोवर माझं चालणंही बंद पडलं होतं. पावलं मोजलीच जात नाहीत तर चालायचं कशाला, असं वाटायला लागलं होतं.

इथवर लिहून एक तारा दिला होता, पण टाकायचं राहून गेलं. बरंच झालं, कारण आता मत बदललंय.

मधल्या काळात थोडं वाचलं. १०,००० हा आकडा डॉक्टरांनी ठरवलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. जागतिक आरोग्य संघटना २०२०च्या सूचनांत प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. पावलांचा आकडा देतच नाही. आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांना आढळलं, की सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात, माणसागणिक यात खूप फरक असतो आणि एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही. ज्याने काही बिघडत नाही, त्याचीच शिक्षा हे अ‍ॅप देतं! कंपनीने साखळीत आठवड्याला एक सुट्टी तरी द्यायलाच हवी.

मी साखळीची सूचना बंद केली. आता आठवड्याची १५० मिनिटं बघते. सव्वासहाला मैत्रीण खाली येऊन उभी राहते, त्यामुळे टाळता येत नाही. परवा सामानाच्या दोन पिशव्या घेऊन तिसऱ्या मजल्यावर आले आणि कुलपात किल्ली घालताना लक्षात आलं, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर टेकायला थांबलेच नाही. आधी रोज थांबायचे. किती बरं वाटलं! हे बँडमध्ये कुठेच नोंदलं गेलं नाही.

तीन तारे. घेणार असाल तर चालून आल्यावर मागच्या पिना कोरड्या फडक्याने पुसत जा, आणि बिल जपून ठेवा. मला बदलून मिळाला तो बिल हातात होतं म्हणूनच.