एक्टाक्रोम निगेटिव्ह रसायनात: 100 वर मोजायची की 50 वर?

एक्टाक्रोम 100डी ही रिव्हर्सल फिल्म, म्हणजे धुतल्यावर थेट पॉझिटिव्ह चित्र देणारी. ई-6 या तिच्या नेहमीच्या प्रक्रियेऐवजी ईसीएन-2 मध्ये, म्हणजे सिनेमाच्या निगेटिव्हच्या रसायनात, धुतली की पॉझिटिव्हऐवजी निगेटिव्ह हाती येते, तीही नारिंगी मास्कविना, म्हणजे रंगीत निगेटिव्हवर एरवी असणाऱ्या नारिंगी छटेविना. कॉन्ट्रास्ट भडकतो, रंग सरकतात.

प्रकाश मोजणारा मीटर 100 वर, म्हणजे फिल्मच्या ठरलेल्या आयएसओवर, ठेवला तर रंग गडद, आकाशातला तपशील बराचसा शाबूत. पण सावल्या गेल्या की गेल्या. निगेटिव्हवर सावली म्हणजे सर्वांत पातळ भाग. तिथे प्रकाशाने काही लिहिलंच नसेल तर स्कॅनर काय वाचणार? सावळ्या चेहऱ्यांचं, डोळ्यांच्या खोबण्यांचं नुकसान इथेच होतं, आणि मला ते सर्वांत जास्त सलतं.

50 वर, म्हणजे एक स्टॉप जास्त, दुप्पट प्रकाश. सावल्यांना अंग येतं. किंमत चुकवतात पांढरे भाग: पांढरं धोतर, चुन्याची भिंत दाट होऊन एकसपाट दिसते.

माणसं टिपायची तर मी 50 घेईन, भर उन्हात चेहऱ्यावर रिफ्लेक्टर धरून. नुसत्या आकृत्या नि रंगांचे पट्टे हवे असतील तर 100. सुपर 8 या छोट्या सिनेफिल्मचं 50 फुटी कार्ट्रिज सेकंदाला 24 फ्रेमने अडीच मिनिटांत संपतं, तरी पहिले काही सेकंद दोन्ही मापांच्या चाचणीला द्याच.