पियानो विकत मिळाला, पेटी घरी करावी लागली

माझा लॅपटॉप 16 जीबी रॅमचा, आत 512 जीबीची एसएसडी, आणि त्यातली निम्मी जागा गाण्यांच्या सेशन्सनी व्यापलेली. त्यामुळे पियानोची लायब्ररी, म्हणजे संगणकावरून वाजवायचा रेकॉर्ड केलेल्या सुरांचा संच, निवडताना पहिली चाळणी जागेचीच लागली. मी सांगलीत राहते, भावगीतं आणि नाट्यपदं गाणाऱ्यांना साथीचे ट्रॅक करून देते. समोर 61 पट्ट्यांचा साधा मिडी कीबोर्ड (स्वतःचा आवाज नसलेला, संगणकातला आवाज वाजवणारा), रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर रीपर. जवळजवळ प्रत्येक ट्रॅकमध्ये पियानो नाहीतर पेटी असतेच, म्हणून हे दोन आवाज मनासारखे मिळेपर्यंत मला चैन नव्हती.

सुरुवात मी सॅलमँडर या लायब्ररीनं केली, आणि नव्या माणसाला आजही तेच सांगते. यामाहा सी5 पियानोचं हे रेकॉर्डिंग अलेक्झांडर होम यांनी केलंय, फुकट आहे, आणि प्लोग कंपनीच्या फुकट मिळणाऱ्या स्फोर्झांडो या सॅम्पलरमध्ये, म्हणजे रेकॉर्ड केलेले सूर वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, चालतं. हळूपासून जोरात दाबण्यापर्यंत प्रत्येक सुराचे 16 थर आहेत. मात्र प्रत्येक पट्टी वेगळी रेकॉर्ड केलेली नाही. दर तिसरी पट्टी रेकॉर्ड केलीय आणि मधल्या दोन तिच्यावरून ताणून घेतल्यात. तबला, बासरी, व्हायोलिन यांच्या गर्दीत हे कुणाच्याही कानाला लागत नाही. मुखड्याआधी चार मात्रा एकटा पियानो ठेवला, की मला शेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये एकच आवाज वर-खाली सरकवल्यासारखा ऐकू यायचा. दोन वर्षं मी त्यावर काम केलं आणि त्यातले काही ट्रॅक अजूनही मला आवडतात.

मग पुण्यात एका मित्राच्या स्टुडिओत कीस्केप वाजवलं. स्पेक्ट्रासॉनिक्सची ही लायब्ररी 2016 ची. 36 वाद्यं, 77 जीबी, किंमत 399 डॉलर. त्यातल्या रोड्स या इलेक्ट्रिक पियानोवर हात ठेवला आणि अर्धा तास उठवेना. पट्टी जोरात दाबली की सुराच्या टोकाला जी किंचित खरखर येते ती अशी जिवंत आहे की बोटं आपोआप वेगळं वाजवायला लागतात. वुर्लिट्झर, क्लॅव्हिनेट, खेळण्यातला पियानो, सगळं तितक्याच मायेनं केलेलं. जाहिराती किंवा सिनेमाचं काम करणाऱ्याला रोज नवा रंग लागतो, त्यानं डोळे मिटून घ्यावी. मला रोड्स वर्षातून दोनदा लागतो. त्यासाठी 77 जीबी आणि एवढे डॉलर घालवणं माझ्या हिशेबात बसत नव्हतं.

अशा मोठ्या लायब्रऱ्या घेणाऱ्यांनी एक तपासून घ्यावं. सॅम्पलर प्रत्येक सुराची फक्त सुरुवात रॅममध्ये ठेवतो, उरलेला भाग वाजवता वाजवता डिस्कवरून ओढतो. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर लायब्ररी ठेवली आणि पेडल दाबून भराभर वाजवलं, तर सूर गळतात. दुसरं कोन्टॅक्ट या सॅम्पलरचं. त्याचा फुकटचा प्लेअर आणि विकतचं पूर्ण कोन्टॅक्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पूर्ण कोन्टॅक्टसाठी केलेली लायब्ररी प्लेअरमध्ये उघडते, पण 15 मिनिटांनी बंद पडते. पैसे भरण्याआधी लायब्ररी दोघांपैकी कशासाठी आहे ती ओळ वाचा.

शेवटी मी घेतलं ते पियानोटेक. फ्रान्समधल्या तुलूझच्या मोडार्ट कंपनीचं, पहिली आवृत्ती 2006 ची. यात रेकॉर्ड केलेला आवाजच नाही. हातोडी तारेवर कशी आदळते, तार लाकडाला कशी हलवते, दाबलेल्या पेडलमुळे बाकीच्या तारा कशा गुणगुणतात, हे सगळं गणितानं त्या क्षणी तयार होतं. त्यामुळे डाउनलोड जीबीत नाही, एमबींतच. चाचणीच्या प्रतीत काही पट्ट्या मुक्या असतात आणि 20 मिनिटांनी आवाज थांबतो, तरी निर्णय घ्यायला तेवढं पुरतं. माझी चाचणी ठरलेली आहे: एकच पट्टी हलक्या बोटानं वीस वेळा वाजवायची, मग पेडल अर्धवट उचलत एक कॉर्ड विझू द्यायचा, मग त्या कॉर्डवर स्वतः सा लावून गायचं. पहिल्या दोन्हींत हे अप्रतिम उतरलं. वीसही आघात वेगळे, आणि विझणारा आवाज एकदम कापला न जाता खाली बसत गेला. एकटा ऐकला तर रेकॉर्ड केलेल्या पियानोची लाकडी ऊब थोडी कमी वाटते, हे मान्य. गाण्याखाली तो गाण्याला जागा देतो, आणि माझ्या कामात तेच मोलाचं आहे.

तिसऱ्या चाचणीनं मात्र मला पुढच्या अभ्यासाला लावलं. एक गायिका काळी चारमध्ये गाते, म्हणजे चौथी काळी पट्टी तिचा सा. तिचा गंधार म्हणजे पांढरी एक. तिचा कान तानपुऱ्यावर तयार झालेला, त्यामुळे तिचा शुद्ध गंधार पियानोच्या गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट (शेजारच्या दोन पट्ट्यांतल्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) उतरा लागतो, आणि ओळ गंधारावर थांबली की दोघांत घर्षण ऐकू यायचं. पियानोटेकच्या स्टँडर्ड आवृत्तीत स्काला फाइल, म्हणजे स्वरांच्या लावणीची फाइल, घालून एकेक सूर हवा तसा लावता येतो. म्हणून मी माझ्याकडच्या स्टेज या साध्या आवृत्तीवरून फरकाची रक्कम भरून स्टँडर्डला गेले. आधी सगळेच स्वर गणितानं शुद्ध लावले. सा-ग-प असा गोड वाजला की मी एकटीच हसले. पुढच्या ओळीत रे-म-ध आला आणि सगळं विस्कटलं, कारण त्या लावणीत रे आणि ध यांच्यातला पंचम 22 सेंट कमी पडतो. आता मी फक्त गंधार उतरवते, तोही 7 सेंट. गायिकेला आधार मिळतो आणि कॉर्ड तुटत नाहीत. प्रत्येक गाण्याला हे लागत नाही. जिथे ओळ गंधारावर विसावते तिथे लागतं.

आता पेटी. पेटीच्या चार लायब्रऱ्या मी वापरून पाहिल्या, दोन विकतच्या. नावं घेत नाही, कारण तक्रार चौघींची एकच आहे. त्यातल्या सगळ्यात महागड्या लायब्ररीवर केलेला ट्रॅक मी मिरजेला आमच्या पेटीच्या सरांना ऐकवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "सूर बरोबर आहेत गं, पण भाता कोण मारतंय?"

घरी येऊन नीट ऐकलं तेव्हा कळलं. पेटीत पट्टी जोरात दाबली म्हणून आवाज वाढत नाही. आवाज भात्याचा, आणि तो सगळ्या सुरांना एकदमच मिळतो. ओळीच्या शेवटी हवा सैल पडली की धरलेले तिन्ही सूर मिळून खाली बसतात. त्या लायब्ररीत प्रत्येक पट्टी पियानोसारखी बोटाच्या जोरावर लहान-मोठी वाजत होती, म्हणजे एकाच पेटीत तीन भाते. शिवाय पेटीतल्या खालच्या, खर्जाच्या संचातला सूर वरच्या, नर संचातल्या सुरापेक्षा किंचित उशिरा बोलतो. सूर काढणाऱ्या धातूच्या मोठ्या पत्तीला हलायला वेळ लागतो. संपादन करताना कुणीतरी तो उशीर स्वच्छ कापून टाकला होता. हरकतीतला जीव त्यातच असतो.

मग सरांचीच पेटी रेकॉर्ड करायची ठरवली. 37 पट्ट्या, खर्ज आणि नर असे सुरांचे दोन संच. दोन संध्याकाळी बसलो. पंखा बंद, दोन माइक, सर एका दाबानं भाता सांभाळतायत आणि मी एकेक पट्टी बारा सेकंद धरतेय. शेजारच्या कुकरच्या शिट्टीनं सात सूर पुन्हा घ्यावे लागले. खर्ज वेगळा, नर वेगळा, पट्टी सोडतानाचा खट् आवाज वेगळा. हे सगळं डिसेंट सॅम्पलरमध्ये बसवलं. तो फुकट आहे आणि साध्या मजकुराच्या फाइलवर चालतो. त्यात बोटाच्या जोराचा आवाजावरचा परिणाम शून्य केला आणि आवाज एक्स्प्रेशन पेडलला, म्हणजे पायानं आवाज कमी-जास्त करायच्या पेडलला, जोडला. सोबत एक फिल्टरही त्याच पेडलला, कारण हवा कमी झाली की सुराची धारही कमी होते. सुरांच्या सुरुवातीला मी कात्री लावलीच नाही. उजवा हात पट्ट्यांवर, भात्याचं काम पायाला. पहिला आठवडा पाय ऐकेना, पण आता श्वासासारखा चालतो. सगळं मिळून एक जीबीसुद्धा झालं नाही.

सरांना परत ट्रॅक ऐकवला तेव्हा त्यांनी भात्याचं काही विचारलं नाही. दुसऱ्या कडव्यातला मध्यम थोडा चढा आहे, तो सूर घासून घ्यायला हवा, एवढं म्हणाले. तो मी सॅम्पलरमध्ये 4 सेंट उतरवला. पेटीतला सूर त्यांनी स्वतः लावून घेतला.

नाट्यपदांसाठी अजून ऑर्गन बाकी आहे, पायानं हवा भरायचा, जुन्या संगीत नाटकांच्या साथीतला. इथल्याच एका घरात एक मिळालाय. त्याच्या भात्याचं चामडं फाटलंय आणि वरच्या सप्तकातले पाच सूर मुके आहेत. चामड्याचं काम करणारा कारागीर पुढच्या महिन्यात येणार आहे, माइक मी आधीच साफ करून ठेवलेत.