मुलांचं नाट्यशिबिर आणि फीनंतरचे हप्ते

एप्रिल लागला की सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहिराती सुरू होतात: 'अभिनय आणि इम्प्रोव्हायझेशन शिबिर, निवडक मुलांना मालिकेत संधी'. मुलांना नाटक शिकवणाऱ्यांनी सांगायचं तर गडबड त्या दुसऱ्या अर्ध्यात आहे.

पुण्याच्या कोथरूड भागातल्या अशा एका शिबिरात पालकांचे पैसे गेले ते या क्रमाने. शिबिराची फी ३,५०० रुपये, रीतसर पावतीसकट. चौथ्या-पाचव्या दिवशी 'ऑडिशन', आणि झाडून सगळी मुलं 'सिलेक्ट'. मग पोर्टफोलिओ, म्हणजे फोटोंचा संच, १२,०००, तोही त्यांच्याच फोटोग्राफरकडून. 'आर्टिस्ट कार्ड' ६,०००. शूटिंगचं 'रजिस्ट्रेशन' ८,०००. झाले २९,५००. पावती फक्त पहिल्या साडेतीन हजारांची, बाकीचे कुणाच्या तरी वैयक्तिक यूपीआयवर. शेवटी निरोप आला, 'प्रॉडक्शनने प्रोजेक्ट होल्डवर ठेवलाय.'

फीनंतरचा यातला एकही खर्च लागत नाही. वाढत्या वयाच्या मुलाचा चेहरा वर्षभरात बदलतो, त्यामुळे महागडे फोटो लवकरच निकामी होतात. कास्टिंगवाल्यांना मोबाइलवर दिवसाउजेडी काढलेले समोरून, बाजूने आणि पूर्ण उंचीचे फोटो पुरतात. सोबत नाव, वय, उंची, शहर सांगणारा छोटा व्हिडिओ. मेकअप नको, फिल्टर नको. ज्याच्यावाचून काम मिळत नाही असं कुठलंही सरकारी 'आर्टिस्ट कार्ड' नाही. आणि ऑडिशनला पैसे मागितले की तिथूनच परत फिरावं.

मूल १४ वर्षांखालचं असेल तर एक प्रश्न हमखास विचारा: 'जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी कोण काढणार?' बालकलाकाराला कामावर घेण्याआधी निर्मात्याला ती घ्यावीच लागते. दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग ३ तासांनंतर विश्रांती, आणि कमाईतले किमान २० टक्के मुलाच्या नावाने मुदत ठेवीत. खरं काम असेल तर हे सगळं समोरच्याला पाठ असतं. नसेल तर तो 'ते आमची टीम बघते' म्हणतो.

शिकवणं खरं आहे का, हे एक तास मागे बसून कळतं. बसू देत नसतील तर उत्तर मिळालंच. इम्प्रोव्हायझेशन म्हणजे आयत्या वेळी सुचेल तसा अभिनय, त्यात पाठांतर नसतं. साधा आरशाचा खेळ घ्या: दोघं समोरासमोर, एकाने हालचाल करायची, दुसऱ्याने तीच करायची. घाई केली की खेळ फसतो, कारण हालचाल करणारा नक्कल करणाऱ्याला हरवायला बघतो. चांगला शिक्षक दोघांनाही संथ करतो, इतकं की कोण कुणाची नक्कल करतंय हे बघणाऱ्याला ओळखू येऊ नये. आता नकली वर्ग: ४५ मुलं, एक ट्रायपॉड, सगळ्यांना एकच संवाद आणि 'रडून दाखव'. दीड तासात प्रत्येकाच्या वाट्याला दोन मिनिटं, उरलेला वेळ रांगेत. एका शिक्षकामागे पंधरा-सोळा मुलं ठीक. वीसच्या पुढे मदतनीस हवाच.

'पुरुषोत्तम करंडक विजेते शिकवणार' असं छापलं असेल (ही पुण्यातली कॉलेजांची एकांकिका स्पर्धा) तर कुठलं साल, कुठलं कॉलेज, कुठली एकांकिका, हे विचारा. (पुण्यात पुरुषोत्तम गाजवलेला माणूस गल्लीगल्लीत भेटतो, पण निकाल लपून राहत नाहीत.) समारोपाचा प्रयोग बालगंधर्व रंगमंदिरात म्हणत असतील तर तारखेसकट बुकिंगची पावती मागा. ती नसताना प्रत्येक पालकाच्या गळ्यात दहा-दहा तिकिटं मारली जात असतील, तर प्रयोग बहुधा एखाद्या शाळेच्या हॉलमध्येच होणार.

पैसे गेलेच असतील तर ऑनलाइन व्यवहारासाठी आधी १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा, जितका लवकर तितकं बरं. जाहिरात, चॅट आणि यूपीआयचे स्क्रीनशॉट तारखेसकट जपा. ग्रुपमधून काढून टाकलं की ते हाती लागत नाहीत. ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रार शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. पावतीवर 'फी परत मिळणार नाही' असं छापलंय म्हणून तक्रारीचा हक्क जात नाही.