कार्बन नॅनोट्यूबची दहा ग्रॅमची बाटली: आकार-स्मृती पॉलिमरसाठी कितपत उपयोगी?

वीज जोडताच मूळ आकारात परतणारी पॉलिमरची पट्टी तयार करण्यासाठी आम्ही प्रयोगशाळेत एका देशी पुरवठादाराकडून बहुभित्ती कार्बन नॅनोट्यूबची (एकात एक बसलेल्या कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांची) 10 ग्रॅमची बाटली मागवली होती. सहा महिन्यांच्या वापरानंतरचा हा अभिप्राय.

आकार-स्मृती पॉलियुरेथेन, म्हणजे तापवल्यावर मूळ आकारात परतणारे प्लास्टिक, मुळात विद्युतरोधक असल्याने एरवी त्याला गरम पाण्यात बुडवावे लागते किंवा ओव्हनमध्ये ठेवावे लागते. नॅनोट्यूबचे जाळे पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग जुळले, की प्रवाह वाहू लागतो, पट्टी आतूनच तापते आणि संक्रमण तापमान (ज्या तापमानाला पॉलिमर मऊ पडतो ते) ओलांडताच लादलेला आकार सोडून देते. सोलच्या कोंकुक विद्यापीठातील संशोधकांनी 2005 मध्ये आम्लप्रक्रिया केलेल्या 5 टक्के नॅनोट्यूब वापरून 40 व्होल्टवर सुमारे 10 सेकंदांत हे साधले होते. प्रमाण आम्हीही तेच घेतले. आम्लप्रक्रिया मात्र टाळली, कारण ती लांबली तर नळ्यांच्या भिंतीच झिजतात आणि वाहकता घटते.

बाटलीवरची ‘थेट मिसळा’ ही सूचना मुळीच पाळू नये. पूड डायमिथाइलफॉर्मामाइड या द्रावकात नुसती ढवळून ओतलेल्या पहिल्या फिल्ममध्ये मोहरीएवढे काळे गोळे नुसत्या डोळ्यांना दिसत होते आणि रोध मेगाओहममध्ये होता. पुढच्या खेपेस भांडे बर्फात ठेवून गोळे फोडण्यासाठी तासभर अल्ट्रासोनिक प्रोब (ध्वनिकंपने देणारी दांडी) चालवला व त्यानंतरच पॉलिमरचे द्रावण घातले, तेव्हा 40 मिमी लांब, 5 मिमी रुंद आणि अर्धा मिमी जाड पट्टीचा रोध दोन किलोओहमच्या आत आला. 70 अंशांवर इंग्रजी ‘यू’सारखी वाकवून थंड केलेली ही पट्टी 40 व्होल्टवर बारा-तेरा सेकंदांत उलगडली, किंचित बाक तेवढा राहिला. टोकांना चांदीची पेस्ट नीट न लागलेल्या एका पट्टीने मात्र जोडापाशीच धूर सोडला, पण तो दोष आमचा.

तक्रार आहे ती माहितीपत्रकाबद्दल. लेबलवर शुद्धता 95 टक्के लिहिलेली असताना हवेत 800 अंशांपर्यंत तापवल्यावर 9 टक्के तांबूस राख उरली, म्हणजे नळ्या बनवताना वापरलेल्या उत्प्रेरकातील लोह सांगितल्यापेक्षा जास्त आहे. नळ्यांची लांबी कुठेच दिलेली नाही, आणि सुरक्षिततेच्या पानावर ‘धूळ टाळावी’ एवढेच वाक्य आहे. एमडब्ल्यूसीएनटी-7 या प्रकारच्या बहुभित्ती नळ्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या वर्गीकरणात मानवासाठी संभाव्य कर्करोगकारक म्हणून 2बी गटात मोडतात, हे लक्षात घेता एवढी त्रोटक सूचना मला बेफिकिरीची वाटते. पूड इतकी हलकी आहे की स्थिर विजेमुळे चमच्यावरून उडून तराजूच्या काचेला चिकटते. फ्यूम हूड, हातमोजे आणि एन-95 मास्क नसेल तर बाटली उघडूच नये.

तरीही मी ती पुन्हा मागवली, कारण इतकी वाहकता कार्बन ब्लॅकने (काजळीसारख्या कार्बनच्या पुडीने) मिळवायची तर त्याचे प्रमाण बरेच वाढवावे लागते आणि पट्टी ठिसूळ होऊन वाकवतानाच तडकते. दुसऱ्या बाटलीचा बॅच क्रमांक वेगळा निघाला आणि त्याच कृतीने केलेल्या पट्टीचा रोध जवळजवळ दुप्पट भरला. त्यामुळे यापुढे लागणारा सगळा माल आम्ही एकाच बॅचमधून घेणार आहोत.