जिप्सीचं मिसिंग आणि साखळीचा मेस्त

मारुतीची जुनी पेट्रोल जिप्सी अजून रोजच्या कामाला वापरणारे गोव्यात सत्तरी-डिचोलीत बरेच आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. डिझेलवाल्यांना आणि ज्यांच्या गाडीला स्कॅनरचं सॉकेट आहे त्यांना यातलं फारसं कामाचं नाही.

माझी जिप्सी किंग १९९८ ची. १२९८ सीसी, कार्ब्युरेटरवाली, एमपीएफआय (कॉम्प्युटरवर चालणारं पेट्रोल इंजेक्शन) यायच्या आधीची. केरीला आमचं कुळागर (सुपारी-नारळाची बाग) आहे आणि वरच्या तुकड्याकडे जाणारी शेवटची चढण पावसात फोर-लोशिवाय (चारही चाकांना ताकद देणाऱ्या सगळ्यात हळू गिअरशिवाय) होत नाही. मारुतीने २०१९ मध्ये जिप्सी बंद केली, तेव्हा ‘नवीन घ्या’ हा सल्ला कृपया कोणी देऊ नये.

दुखणं असं होतं: कोरड्या सकाळी गाडी झकास. पाऊस पडून गेला आणि अंजुणे धरणाच्या पुढे चोर्ला घाटाला लागलं, की तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबल्यावर मिसिंग, म्हणजे इंजिनाचे ठोके मध्येच चुकायचे. पिकअप जायचा, सायलेन्सरमधून फटाके. पाय उचलला की परत शहाण्यासारखी. आधी मी ती काचेचं ऑफिस असलेल्या एका मोठ्या गॅरेजात टाकली होती. तिथल्या पोराने आधी स्कॅनर कुठे लावायचा ते शोधलं. मग प्लग नवीन, प्लग वायरी नवीन, कार्ब्युरेटरचा किट नवीन, आणि सपाट रस्त्यावर एक फेरी मारून ‘ओके’. मला मात्र विचारलं, “साहेब नाही आले?” पुढचा पाऊस पडला आणि घाटात तेच.

साखळीहून केरीकडे येताना रस्त्याला लागूनच या मेस्ताचं (मेकॅनिकचं) पत्र्याचं गॅरेज आहे. पाटी नाही. नाव मीही देत नाही, कारण एकटा माणूस आहे आणि गर्दी नको असं त्यानेच बजावलंय. बाहेर दोन-तीन जिप्सी आणि एखादी जुनी महिंद्रा उभी दिसली की ब्रेक मारायचा.

पहिला अर्धा तास त्याने बॉनेटला हातच लावला नाही. नुसते प्रश्न. न्यूट्रलमध्ये रेस केली तर मारते का? इंजिन थंड असताना की तापल्यावर? पाऊस थांबल्यावर आपोआप बरी होते का? मग गाडीखाली जाऊन शाफ्ट हलवून बघितल्या. जिप्सीत गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) वेगवेगळे असतात, मध्ये एक आखूड शाफ्ट असते. तिचा क्रॉस (सांधा) झिजला की पाय दाबताना झटका बसतो आणि लोक त्यालाच मिसिंग समजून इंजिन उघडतात. माझे क्रॉस ठीक निघाले. मी घड्याळ बघतेय हे त्याच्या लक्षात आलं असावं. “घाय नाका” (घाई नको), एवढंच म्हणाला.

सकाळचा पाऊस झाल्यामुळे गाडी ओली होती, त्यामुळे उभ्या उभ्याच थोडं मिसिंग येत होतं. चालू इंजिनवर रबरी मुठीच्या पकडीने त्याने एकेक प्लग वायर उपसून बघितली. एक, तीन, चार काढली की इंजिन लगेच लंगडायचं. दोन नंबरची काढली तर काही फरकच नाही. म्हणजे तो सिलिंडर आधीच झोपलेला. चारही प्लग काढून फडक्यावर ओळीने मांडले: तीन बिस्किटी रंगाचे, दुसरा काळा आणि ओला. त्याने वास घेऊन माझ्या नाकाशी धरला. पेट्रोल, ऑइल नव्हे. ऑइल असतं तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील, म्हणजे मोठा खर्च. तरी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, बघितलंच. “वहिनी, अॅक्सिलरेटर पुरा दाबून धरा,” म्हणून मला सीटवर बसवलं आणि गेज लावत गेला. चारही आकडे दीडशे पीएसआयच्या वर आणि एकमेकांच्या जवळ. इंजिन आतून धडधाकट आहे हे ऐकून मला निम्मे पैसे तिथेच वसूल झाल्यासारखे वाटले.

मग अदलाबदल. दोनचा प्लग तीनला, तीनचा दोनला. मिसिंग दोनलाच. वायरींचीही तशीच. तरी दोनलाच. प्लग चांगला, वायर चांगली, मग करंट त्याच्या आधी कुठेतरी गळतोय.

आणि मग तो भाग, ज्यासाठी मी हे लिहायला बसले. त्याने शटर खाली ओढलं, दिवा घालवला, इंजिन चालू ठेवलं (पाइप पत्र्याच्या फटीतून बाहेर काढून) आणि झाडांवर पाणी मारायच्या फवाऱ्याने आधी वायरींवर धुकं मारलं. काही नाही, वायरी नव्याच होत्या. मग डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगांना आळीपाळीने करंट वाटणाऱ्या भागाच्या) कॅपवर एकच फवारा. इंजिन अडखळलं आणि दोन नंबरच्या वायरीच्या बुडापासून खाली धातूच्या बॉडीकडे केसाएवढी निळी रेघ तडतडली. दिसली, गेली, परत दिसली. कॅप काढून उजेडात धरली तर बाहेरून तडा नखाला जेमतेम लागत होता, आतून मात्र पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ.

घाटातच का, हेही त्याने सांगितलं. चढावर पाय दाबला की सिलिंडरमध्ये दाब वाढतो, त्या दाबात प्लगच्या फटीतून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. मग करंट सोपी वाट शोधतो, आणि ओला तडा ही सोपी वाट. सपाटीवर ट्रायल घेणाऱ्याला हे दिसणारच नाही. शिवाय नव्या प्लगांची फट मोठी राहिली होती. ती त्याने फीलर गेजने ०.८ मिलिमीटरच्या आत आणली.

सुटे भाग तो ठेवत नाही. चिठ्ठी लिहून देतो आणि आपण आणायचे. कॅप आणि रोटर (कॅपच्या आत फिरणारा तुकडा) मी म्हापशाहून आणले. कॅपच्या आतले पॉइंट पितळेचे बघून घ्या, अॅल्युमिनियमचे लवकर झिजतात, असं बजावलं होतं. पहिल्या दुकानात अॅल्युमिनियमचेच दाखवले, दुसऱ्यात पितळेचे मिळाले. बसवून टायमिंग लाइटने ठिणगीची वेळ बघितली आणि माझ्याबरोबर थेट घाटात ट्रायलला आला, तेही पाऊस चालू असताना. गाडी एकदाही अडखळली नाही.

मजुरीचे त्याने बाराशे घेतले आणि ‘यातले आठशे शोधायचे’ असं तोंडावर सांगितलं. मला ते पटलं. आधीच्या गॅरेजात शोधायचे पैसे कोणी लावले नव्हते, कारण शोधलंच नव्हतं. बिलात सगळे सुटे भाग होते.

तक्रारीही आहेत. फोन उचलत नाही. बसायला टायरशिवाय काही नाही, आणि पावसात पत्र्याखाली बोललेलं ऐकू येत नाही. छापील बिल मिळत नाही, कार्ड चालत नाही, यूपीआय चालतं. घाई असेल तर जाऊच नका, माझी गाडी तीन दिवस तिथे होती आणि त्यातला एक दिवस तो कोणाच्या तरी बोअरवेलच्या पंपाला गेला होता. एमपीएफआय जिप्सी घेतो, पण अर्ध्या मनाने. बॉडीचं आणि एसीचं काम अजिबात नाही.

चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधीचा आठवडा टाळा. तेव्हा मुंबईहून गावी आलेल्यांच्या गाड्या रांगेत असतात आणि तो एकालाही नाही म्हणत नाही.