३ मायक्रॉनची जाळी: वर्षभर वापरून

पांढऱ्या पेशी रसायनाचा माग कसा काढतात, ते बघायला हे २४ खणांच्या प्लेटचे इन्सर्ट (खणात बसणाऱ्या, तळाला जाळी असलेल्या छोट्या वाट्या) वर्षभर वापरतेय. तत्त्व स्टीफन बॉयडन यांचं, १९६२चं: वर पेशी, खाली रसायन, मधे जाळी. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींसाठी ३ मायक्रॉनचीच छिद्रं घ्या. ८ मधून त्या नुसत्याच घरंगळतात. खाली आयएल-८ (न्यूट्रोफिलना ओढून घेणारं रसायन) घातलं की तासाभरात जाळीच्या खालच्या अंगाला पेशी दिसतात, स्वतःच्या निम्म्याहून बारीक छिद्रांतून अंग चोरून आलेल्या! पहिल्यांदा रंगवून पाहिल्या तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला ओढत आणलं होतं.

तक्रार एकच. मागच्या पाकिटातल्या दोन जाळ्या कडेने सुटलेल्या निघाल्या. ताजं रक्त आणि अख्खा दिवस वाया.

आणि हो, एका खणात आयएल-८ वर-खाली सारखंच घाला. नाहीतर पेशी माग काढतायत की नुसत्या भटकतायत, कळत नाही.